पिकअप घेताना : केबिन मोठी घ्यावी की हौदा लांब?

शोरूममध्ये एकाच नावाच्या दोन गाड्या शेजारी उभ्या असतात. एकीला दोन दारं, पुढे ड्रायव्हर आणि एक-दोन माणसं, मागे नऊ-दहा फुटांचा हौदा. दुसरीला चार दारं, आत पाच माणसांची सोय आणि मागे पाच फुटांच्या आसपासचा आखूड हौदा. महिंद्राच्या घरात पहिली बोलेरो पिकअप आणि दुसरी बोलेरो कॅम्पर. टाटाची योद्धा सिंगल आणि क्रू (म्हणजे डबल) अशा दोन्ही केबिनमध्ये येते, इसुझुच्या डी-मॅक्सचंही तसंच. किमतीतला फरक हप्त्यात फारसा जाणवत नाही, म्हणून बरेच जण निर्णय दिसण्यावर किंवा शेजाऱ्याच्या अनुभवावर घेतात. पण ही निवड चुकली तर त्याची भरपाई रोज करावी लागते: एक खेप जास्त मारून, माणसं हौद्यात बसवून, नाहीतर चेसिसला वेल्डिंग करून.

चेसिसची लांबी ठरलेली असते. केबिन मागे सरकली की हौदा तेवढा कापला जातो. अमेरिकेत फोर्डच्या एफ-150 मध्ये हे अगदी उघड दिसतं. तिथे दीड केबिन (मागे छोटी सीट) आणि साडेसहा फुटी हौदा, किंवा पूर्ण डबल केबिन आणि साडेपाच फुटी हौदा, या दोन्ही गाड्यांच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर सारखंच आहे, 145 इंचांच्या आसपास. मागच्या प्रवाशांच्या गुडघ्यांना मिळालेला एक फूट हौद्यातून गेला. आपल्याकडेही सौदा हाच आहे. फरक इतकाच, की दीड केबिनचा मधला पर्याय इथे जवळजवळ मिळत नाही, त्यामुळे एकदम चार-पाच फुटांची उडी मारावी लागते.

आधी काय संपतं?

लांबी-रुंदीचे आकडे बघण्याआधी स्वतःच्या मालाला एक प्रश्न विचारा. गाडी भरताना आधी काय संपतं: पासिंगचं वजन (म्हणजे जेवढा भार न्यायला गाडी मंजूर आहे तो), हौद्यातली जागा, की माणसांच्या सीटा? निवडीचं जवळजवळ सगळं उत्तर यातच आहे.

वाळूचं उदाहरण घ्या. कोरडी वाळू घनफुटाला साधारण 45 किलो भरते, म्हणजे एक ब्रास (100 घनफूट) साडेचार टनांच्या घरात. 2.7 मीटर लांब आणि 1.7 मीटर रुंद हौद्याचा तळ जवळपास 49 चौरस फूट होतो. 1,700 किलो पासिंगची गाडी असेल तर या तळावर वाळूचा थर नऊ इंचांवर गेला की पासिंग संपलं. ओल्या वाळूत त्याहून आधी. फाळका (हौद्याचा उघडणारा कठडा) दीड फूट उंच आहे म्हणून काठापर्यंत भरली, तर गाडीत दुप्पट वजन बसलेलं असतं आणि वरून ते कळतही नाही. सिमेंटचं तसंच: 50 किलोच्या 34 गोण्या झाल्या की 1,700 किलो पुरे, आणि त्या नऊ फुटी हौद्यात जेमतेम तीन थर होतात. अशा मालाला हौद्याची जास्तीची लांबी काहीही देत नाही. तिथे पैसे घालायचे ते पासिंगसाठी, म्हणजे मजबूत ॲक्सल, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि टायरसाठी.

टोमॅटोच्या क्रेटचा हिशेब थोडा वेगळा आणि जास्त शिकवणारा आहे. बाजारात चालणारा क्रेट साधारण 540 मिमी लांब आणि 360 मिमी रुंद असतो. हौद्याच्या 1.7 मीटर रुंदीत तीन क्रेट आडवे बसतात. 2,765 मिमी लांबीच्या नऊ फुटी हौद्यात अशा सात रांगा, म्हणजे एका थरात 21 क्रेट. बोलेरो मॅक्स पिकअपच्या 3,050 मिमीच्या दहा फुटी हौद्यात आठ रांगा, म्हणजे 24. कागदावर दहा फुटी जिंकली. आता वजन करा. क्रेटसह 22 किलो धरले आणि 1,700 किलोतून ड्रायव्हर व सोबतच्या माणसाचे 140 किलो वजा केले, तर 70 क्रेटवर काटा थांबतो. नऊ फुटीत ते तीन थर आणि वर सात क्रेट असे बसतात, दहा फुटीत तीन थरांत. माल तेवढाच जातो! पासिंग दोन टनांचं घेतलं तरच जास्त क्रेट जातील, आणि मग लांब हौद्यामुळे थर बुटके राहून घाटात गाडी कमी डुलेल.

पालेभाजी, फुलं, कडबा, थर्माकोल, गाद्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, मंडपाचं कापड असा माल असेल तर चित्र उलटं. इथे हौदा काठोकाठ भरूनही वजन पासिंगच्या खूप खाली असतं. अशा धंद्यात लांबीचा प्रत्येक फूट कमाईचा. बाजारातून रिकामे क्रेट परत आणणाऱ्यालाही हे लागू आहे: उभ्या कडांचे क्रेट एकात एक जात नाहीत, त्यामुळे रिकामे शंभर क्रेट भरलेल्या शंभराइतकीच जागा खातात.

आरसीवरचं वजन कसं वाचायचं

जाहिरातीतला 'पेलोड' बाजूला ठेवा आणि आरसीवरचे, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचे, दोन आकडे घ्या: भरलेल्या गाडीचं कमाल वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन. दोन्हींतला फरक म्हणजे तुमच्या हातात असलेले किलो. मोटार वाहन कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे रिकाम्या वजनात ड्रायव्हर आणि मदतनीस धरलेले नसतात. म्हणजे केबिनमध्ये बसणारा प्रत्येक माणूस या फरकातूनच वजा होतो.

डबल केबिनवाले इथे हमखास फसतात. एक टनाची गाडी म्हणून घेतली, आत पाच माणसं बसली, सरासरी 65 किलो धरले तर 325 किलो गेले. उरले 675. त्यातून ताडपत्री, दोर, शिडी, जॅक, स्टेपनी ठेवायचा स्टँड, नंतर बसवलेलं लोखंडी कॅरिअर वजा करा. पाच माणसं आणि एक टन माल एकाच वेळी, हे काम ही गाडी कायद्याने करू शकत नाही. बंद बॉडी किंवा थंड कंटेनर बांधून घेणार असाल तर त्या बॉडीचं वजनही याच आकड्यातून जातं, आणि ते दोन-तीनशे किलो सहज असतं. बॉडी बांधणाऱ्याकडून वजनाचा आकडा लेखी घ्या.

1 सप्टेंबर 2019 पासून जादा भारासाठी दंड 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च मालकाचा. आणखी एक बाब ध्यानात ठेवा: एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. त्यावर गेलात की परमिट आलं. पासिंग वाढवताना ही रेघ ओलांडतो आहोत का, ते आधी पाहा.

वजन कुठे पडतं

हौदा किती लांब आहे यापेक्षा तो मागच्या ॲक्सलच्या किती पुढे आणि किती मागे आहे, हे जास्त महत्त्वाचं. दोन्ही केबिनमधला खरा तांत्रिक फरक इथे आहे आणि त्यावर सगळ्यांत कमी बोललं जातं.

सोप्या आकड्यांत बघू. समजा पुढच्या आणि मागच्या चाकांत 3 मीटर अंतर आहे. सिंगल केबिनमध्ये हौदा पुढच्या ॲक्सलपासून 1.55 मीटरवर सुरू होतो आणि 2.7 मीटर लांब आहे. सारखा भरला तर मालाचा मध्य 2.9 मीटरवर, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या किंचित पुढे. 1,500 किलोपैकी 1,450 मागे आणि 50 पुढे पडतात. पुढची चाकं जमिनीला नीट चिकटून राहतात.

आता डबल केबिन. हौदा 2.35 मीटरवर सुरू होतो, लांबी 1.5 मीटर. मध्य 3.1 मीटरवर, म्हणजे ॲक्सलच्या मागे. 800 किलो सारखे पसरले तर मागच्या ॲक्सलवर सुमारे 827 किलो पडतात आणि पुढची चाकं 27 किलोंनी हलकी होतात. एवढ्याने बिघडत नाही, कारण केबिनमधली माणसं पुढे वजन देतात. पण उतरवायला सोपं म्हणून 400 किलोंचा माल फाळक्याला टेकवून ठेवला, मध्य 3.5 मीटरवर गेला, तर पुढची चाकं 67 किलोंनी हलकी. आंबेनळी किंवा भुईबावड्यासारख्या घाटात चढणीमुळे वजन आणखी मागे जातं. स्टिअरिंग हलकं लागतं, ओल्या वळणावर चाक वळवलं तरी गाडी सरळ सुटू पाहते. म्हणून डबल केबिनमध्ये जड वस्तू केबिनच्या भिंतीला टेकवून ठेवायची, हा नियमच समजा. जनरेटर असो, केबलचं ड्रम असो किंवा पाण्याची टाकी. मोकळी जागा राहिलीच तर ती फाळक्याकडे राहू द्या.

हे तपासायला कुठलंही यंत्र लागत नाही, वजनकाटा पुरतो. गाडी रिकामी असताना फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन पावती घ्या. नेहमीचा माल भरून पुन्हा पुढची चाकं काट्यावर घ्या. भरल्यावर पुढचं वजन रिकाम्यापेक्षा कमी आलं, तर मालाचा मध्य मागच्या ॲक्सलच्या पलीकडे गेलेला आहे. मग मागची चाकं एकटी काट्यावर घ्या आणि तो आकडा आरसीवर नोंदलेल्या ॲक्सल वजनाशी ताडून बघा. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा ॲक्सल मर्यादेबाहेर जाऊ शकतो, आणि पाटे, बेअरिंग, टायर त्यामुळेच लवकर जातात.

हौदा वाढवून घेणं किंवा मागे पाटे वाढवणं, हे दोन उपाय गॅरेजमध्ये सहज सुचवले जातात. दोन्हींपासून लांब राहा. मागच्या ॲक्सलच्या मागे लोंबणारा भाग चाकांमधल्या अंतराच्या 60 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, आणि कंपनीने दिलेल्या रचनेत असा बदल कलम 52 खाली बेकायदा ठरतो. चेसिसला जिथे वेल्डिंग मारलं जातं, तडा बहुतेक तिथूनच सुरू होतो. पाट्यांचं दुखणं जास्त लपलेलं आहे. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर भारानुसार कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली असते आणि मागची बाजू किती दबली यावरून तो भार ओळखतो. जादा पाटे घातले की गाडी दबत नाही, व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचे ब्रेक कमी देतो. म्हणजे भार वाढला आणि ब्रेक घटला. उतारावर हे जिवावर बेततं.

माणसं किती, आणि नेमकी कधी?

डबल केबिनची खरी गरज कोणाला आहे, हे ओळखायला एक साधी कसोटी आहे: तीच माणसं दोन्ही टोकांना लागतात का? विजेच्या लाइनची कामं, मोबाइल टॉवरची दुरुस्ती, सोलर पंप बसवणं, साउंड आणि लायटिंग, केटरिंग. या धंद्यांत टोळी गाडीसोबतच जाते, दिवसभर काम करते आणि गाडीसोबतच परत येते. सामान पाच-सहाशे किलोंच्या आत असतं, पण महाग असतं. अशा वेळी डबल केबिनला तोड नाही. मागची सीट रिकामी असते तेव्हा तिथे ड्रिल, मीटर, इन्व्हर्टर, कागदपत्रं कोरडी आणि कुलूपबंद राहतात. कोकणात जून ते सप्टेंबर याचं मोल फार आहे. ताडपत्री कितीही चांगली असली तरी तिच्याखाली दमटपणा शिरतोच.

भाजी बाजार समितीत नेणाऱ्या शेतकऱ्याचं तसं नाही. भरायला माणसं शेतात असतात. उतरवायला बाजार समितीत हमाल असतात. 1969 च्या माथाडी कायद्याखाली नोंदलेल्या माथाडींची तिथे व्यवस्था आहे आणि त्यांची हमाली द्यावीच लागते. मग तीन माणसं सोबत नेऊन मिळतं काय? ज्या चार-पाच फूट हौद्यात माल गेला असता, तो हौदा मात्र रोज रिकाम्या सीटांसाठी कापलेला राहतो. त्यांना सिंगल केबिन, आणि त्यातही 'ड्रायव्हर अधिक दोन' सीटांची गाडी पुरते. हा फरक लहान वाटतो, पण काही गाड्या 'ड्रायव्हर अधिक एक' अशाच पास होतात. बुक करण्यापूर्वी आरसीवर किती आसनं येणार, ते विचारून घ्या.

हौद्यात माणसं बसवून दोन्ही साधायचा मोह होतो. गावोगाव हे सर्रास चालतं, आणि इथे मला स्पष्ट लिहायचं आहे: असं करू नका. पकडलं तर जादा माणसामागे होणारा दंड किरकोळ आहे, म्हणून लोक धोकाही किरकोळ समजतात. मोठा धोका अपघातानंतर समोर येतो. मालवाहू गाडीतून फुकट किंवा भाडं देऊन जाणाऱ्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच स्पष्ट केलं आहे. विम्यात येतो तो मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस, आणि कायद्याने ठरवलेल्या मर्यादेत गाडीवरचे कामगार. न्यायालय कधी कंपनीला आधी पैसे भरायला सांगतं, पण ते पुढे गाडीमालकाकडूनच वसूल होतात. लाखांची भरपाई घर-शेतावर येते. आणि ज्याचा जीव गेला तो परत येत नाही. माणसं रोज न्यायचीच असतील तर त्यांना सीट, पट्टा आणि छप्पर द्या. तेच डबल केबिन घेण्याचं सगळ्यांत सबळ कारण. पॉलिसी घेताना गाडीवरच्या कामगारांसाठीचं जादा संरक्षण जोडून घ्यायला एजंटला सांगा, त्याचा प्रीमियम फार नसतो.

मागची सीट बघताना शोरूममध्ये स्वतः मागे बसा. मागे लगेच केबिनची भिंत असल्याने पाठ बऱ्याच गाड्यांत जवळजवळ सरळ असते. अर्ध्या तासाच्या अंतराला चालतं, नाशिकहून मुंबईला तिघांना तसं बसवणं कठीण. पुढची सीट ड्रायव्हरच्या मापाने मागे घेऊन मग गुडघ्यांना जागा उरते का ते पाहा.

टेप घेऊन जा

मापं स्वतः घ्या. माहितीपत्रकात कधी बाहेरचं माप दिलेलं असतं. केबिनमागच्या भिंतीच्या आतल्या बाजूपासून फाळक्याच्या आतल्या बाजूपर्यंत लांबी. रुंदी दोन ठिकाणी: वर, आणि चाकांचे उंचवटे आत येत असतील तर त्या दोन उंचवट्यांमध्ये. प्लायवूड किंवा जिप्सम बोर्ड नेणार असाल तर हे दुसरं माप 1,220 मिमीपेक्षा जास्त हवं, कारण शीट 8 बाय 4 फुटांची असते. ते कमी असेल तर शीट तिरपी ठेवावी लागते आणि कोपरे मोडतात. सपाट हौद्यात उंचवटे नसतात, पण तळ चाकांच्या वर असल्याने जमिनीपासून उंच असतो. तो उंबरठा स्वतःच्या कमरेशी मोजून पाहा. 50 किलोची गोणी दिवसातून साठ वेळा तिथवर उचलायची आहे. तिन्ही बाजूंचे फाळके उघडत असतील तर अरुंद गल्लीत बाजूने उतरवता येतं.

लांब पाइप आणि सळ्या ही दोन्ही गाड्यांची अडचण आहे. पीव्हीसी आणि स्प्रिंकलरचे पाइप 6 मीटरचे येतात. दहा फुटी हौदाही त्यांच्या निम्मा. मागे लोंबकळणाऱ्या मालाला स्वतंत्र 20,000 रुपयांचा दंड आहे आणि रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वारासाठी तो पाइप दिसतच नाही. महिन्यातून एकदाच असा माल येत असेल तर त्या दिवशी मोठी गाडी भाड्याने घ्या. जिथे चालेल तिथे 3 मीटरचे पाइप मागवा. एक सांधा वाढेल, पण पाइप दहा फुटी हौद्याच्या लांबीत बसतील.

जागा कमी आणि गल्ल्या अरुंद असतील तर तिसरा पर्यायही बघा: बॉनेट नसलेली गाडी. 2005 मध्ये आलेला टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, अवघ्या 3.8 मीटर लांबीत 2.2 मीटरचा हौदा देतो, कारण नाकच जवळजवळ नाही. पासिंग पाऊण टनाचं. पुण्यातल्या पेठांत किंवा कोल्हापूरच्या जुन्या गल्ल्यांत दहा फुटी पिकअप एका दमात वळत नाही, तिथे हा दोन खेपा मारून आधी मोकळा होतो. समोरून धडक बसली तर बॉनेटवाल्या गाडीत पायांपुढे जास्त लोखंड असतं, एवढं लक्षात ठेवून हायवेच्या कामाला मात्र तो घेऊ नये.

अजूनही निर्णय होत नसेल तर मागच्या महिन्याच्या खेपा वहीत उतरवा. चार रकाने: मालाचं वजन, हौदा किती भरला, गाडीतून गेलेली माणसं, सगळ्यांत लांब वस्तू. तिघांहून जास्त माणसं आणि 600 किलोंच्या आतला माल अशा खेपा निम्म्याहून अधिक निघाल्या तर डबल केबिन. माणसं दोनच आणि हौदा दर वेळी काठोकाठ, तर दहा फुटी सिंगल. हौदा अर्धा पण काटा भरलेला, तर नऊ फुटी घ्या आणि उरलेले पैसे जास्त पासिंगच्या मॉडेलमध्ये घाला. हंगामात एक आणि एरवी दुसरं चित्र दिसत असेल, तर वर्षातले जास्त महिने ज्या कामात जातात त्या कामाची गाडी घ्या आणि हंगामापुरती दुसरी भाड्याने आणा.